वळीव, अवकाळी, मान्सूनपूर्व : एकाच पावसाची तीन नावं?

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी चारला आभाळ भरून आलं, धुळीचा लोट उठला, टपोऱ्या थेंबांनी नाशिकच्या गंगापूर रोडला अर्धा तास झोडपलं आणि पाचला पुन्हा ऊन. आजी म्हणाली, "वळीव बरसला." रात्रीच्या बातम्यांत तोच पाऊस 'अवकाळी' झाला होता. हवामान खातं १ मार्च ते ३१ मे हा काळ 'मान्सूनपूर्व' धरतं. मग नेमकं काय म्हणावं? वळीव हा शब्द कानावरून जात चाललाय याचं वाईट वाटतं, म्हणून विचारते.

निफाडहून :
ताई, एकच नाहीत. वळवाला त्याची वेळ आहे. चैत्र-वैशाखात जमीन तापते, दुपारनंतर ढग उभे राहतात, वारा सुटतो, विजा कडाडतात. पाऊस या शिवारात कोसळतो आणि बांधापलीकडे थेंब नाही. नांगरून टाकलेल्या रानातली ढेकळं त्याने विरतात, मग कुळव हलका चालतो. बंगालात याच दिवसांतल्या वादळाला कालबैशाखी म्हणतात. केरळ-कर्नाटकात या पावसाचं नाव आंब्यावरून पडलंय.

अवकाळी म्हणजे ज्याचा तो काळच नाही. 'अवदसा', 'अवलक्षण' यांतला 'अव' तिथे आहे. कार्तिकात द्राक्षबाग फुलोऱ्यात असताना दोन-तीन दिवस आभाळ दाटून रिपरिप लागते आणि घडांवर डावणी हा बुरशीचा रोग पसरतो, ती अवकाळी. काढणीला आलेल्या घडांवर पडली की मणी तडकतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवा. तिला वळीव कोण म्हणेल?

प्रश्नकर्ती :
पण दादा, उन्हाळ कांदा काढून पातीसकट शेतात वाळत घातलाय आणि मेमध्ये पाऊस आला, तर तिथेही सगळे 'अवकाळीनं घात केला' असंच म्हणतात ना? वेळ तर वळवाचीच असते.

निफाडहून :
म्हणतात, आणि मीही म्हटलंय. ताडपत्री ओढत धावताना 'वळीव आला' असं तोंडातून निघत नाही. पंचनाम्यातही 'अवकाळी' हाच शब्द येतो. म्हणजे आता पाऊस कधी पडला यापेक्षा काय बुडालं, यावर नाव ठरतंय. मला हे खटकतं. घरात मात्र मुलांना दोन्ही शब्द वेगळे करून सांगतो.

नागपूरहून, माहेर नाशिक :
पावसासारखीच 'उष्णतेची लाट' ढिली वापरली जाते. कडक ऊन म्हणजे लाट नव्हे. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांच्या वर जाऊन सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त असलं, किंवा थेट ४५ गाठलं, तर हवामान खातं लाट म्हणतं. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले, तिथल्या झळांना 'लू' म्हणतात. माझ्या माहेरी उन्हाचा 'चटका' म्हणत, फार झालं तर 'काहिली'. तिथे रात्र निवते. इथे रात्रीही भिंती तापलेल्या असतात.

पंचवटीतून :
मग 'पूर'ही घ्या. वळवात नाल्याचं पाणी रस्त्यावर आलं की बातमीत 'पूरस्थिती' असते. ते पाणी 'तुंबलं', पूर नव्हे. पूर नदीला येतो, चढतो, ओसरतो. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो आणि गंगेचा पूर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवर मोजतो : गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग झाला ते रेडिओवर कळतं, पण घाटावरचे दुकानदार माल कधी उचलायचा ते मारुतीकडे बघून ठरवतात.

प्रश्नकर्ती :
सगळ्यांचे आभार. एक गाठ उरली होती. २०२५ साली मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला, त्याआधीही मेभर पाऊस होताच. मग २६ मेनंतरच्या त्या पावसाला काय म्हणायचं? वळीव म्हणावं तर तो दिवसभर लागून होता आणि मृग अजून दूर होता. आजीला विचारलं. तिने भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लावलं. २५ मेपासून रोहिणी नक्षत्र. "रोहिण्या बरसल्या म्हणायचं," ती म्हणाली, "दरवर्षी बरसत नाहीत, म्हणून तुम्ही ऐकलं नसेल."