शेतात राबणाऱ्या बायकांना उन्हापासून त्वचा जपण्याचं नेमकं काय सांगावं?

पळसपान
वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटासमोर ऊन आणि त्वचा या विषयावर अर्धा तास बोलायचं आहे. चाळीसेक जणी असतील, बहुतेक शेतमजुरी करणाऱ्या. वाचायला मिळतं ते सगळं सनस्क्रीनभोवतीच फिरतं, आणि रोजीच्या पैशात ते कितपत बसेल? सनस्क्रीन नसेल तर बाकी उपायांनी खरंच फरक पडतो का? आणि एखादीने घेतलंच तर कोणतं, किती, कसं लावायचं? वांगाबद्दल (चेहऱ्यावरच्या काळपट डागांबद्दल) तर हमखास विचारतील. सांगायला सोपं आणि करून दाखवता येईल असं काही हवं आहे.

सूतपोत
फरक पडतो, आणि सर्वात मोठा फरक कापडानेच पडतो. सनस्क्रीन घामाने उतरतं, कापड उतरत नाही. पण कुठलंही कापड चालतं असं नाही. पांढरा, धुऊन धुऊन विरलेला सुती कपडा उन्हातल्या अतिनील (डोळ्यांना न दिसणाऱ्या, त्वचेला बाधणाऱ्या) किरणांचा बराच भाग आत सोडतो. ओला झाला की आणखी सोडतो, अंगावर ताणला की त्याहूनही जास्त. जॉर्जेटची ओढणी आणि जाळीदार स्टोल तोंडाला गुंडाळले की झाकल्यासारखं वाटतं, पण त्यांचं संरक्षण फार थोडं.

पारख सोपी आहे. कापड मोबाइलच्या टॉर्चवर एकेरी ताणून धरा. टॉर्चचा दिवा टिकलीसारखा स्पष्ट दिसला तर कापड कुचकामी. नुसता मंद उजेड दिसला तर चांगलं. गडद रंग फिक्यापेक्षा बरा. कोऱ्या मांजरपाटात कापसाचे मूळचे रंगद्रव्य शिल्लक असतात, ते किरण शोषतात. तेच कापड ब्लीच करून पांढरंशुभ्र केलं की हा गुण जातो. म्हणून जाडसर, ब्लीच न केलेलं मांजरपाट स्वस्तात मस्त. घरातला माणसाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर घालायची पद्धत गावोगावी आहेच, ती अगदी योग्य आहे. फक्त शर्ट विरलेला नको, आणि कफाचं बटण लावलेलं हवं. बाही कोपरापर्यंत दुमडली की मनगटावर आणि हाताच्या पाठीवर सगळं ऊन.

निंदताना माणूस वाकलेला असतो हे विसरू नका. ऊन समोरून लागत नाही. ते मानेच्या मागे, कानांच्या वरच्या कडेवर आणि ब्लाउज नि साडीच्या मधल्या उघड्या कमरेवर लागतं. रुमाल बांधायचा तर कपाळावर भुवयांपर्यंत खाली, गालफडांवरून पुढे ओढलेला आणि मागचं टोक मानेवर सोडलेलं. समोर चोच असलेली टोपी कान आणि मान उघडी टाकते. टोपीच घ्यायची तर चारही बाजूंनी किमान तीन इंच कड असलेली.

माथ्यावरचं_ऊन
कापडाचं वर आलंच आहे, मी वेळेचं सांगतो. चटका आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सगळी गफलत इथे होते. हवा गार असली तरी किरण तेवढेच असतात. महाबळेश्वरला थंडगार वाटतं, पण उंचीमुळे तिथे ते समुद्रसपाटीपेक्षा जास्तच.

घड्याळापेक्षा सावली शिकवा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा झाकून घ्यायचं. वर्ध्याला मे महिन्यात ही वेळ साधारण सकाळी ९ ते दुपारी साडेतीन. सूर्य डोक्यावर बाराच्या ठोक्याला येत नाही, १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास येतो. मुंबई-पुण्याकडे तर साडेबारा वाजतात. २४ मेच्या आसपास वर्ध्यात शून्य सावलीचा दिवस असतो, उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाशी जाते.

आता यातलं महत्त्वाचं. सूर्य असाच बरोबर डोक्यावर पुन्हा येतो तो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे निंदणीच्या ऐन दिवसांत. तेव्हा ढग असतात, वारा असतो, चटका नसतो, म्हणून रुमाल सुटतो. पण पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतो, आणि ढग फाकले की मेइतकंच प्रखर ऊन. झाकायची सवय पाऊस पडला म्हणून सोडायची नाही, हे ठासून सांगा. डिसेंबरातही वर्ध्याला भर दुपारची सावली उंचीपेक्षा किंचित आखूडच असते.

मलमखल
सनस्क्रीनचा हिशोब मांडतो, म्हणजे कापड आधी का ते पैशातही कळेल. ट्यूबवरचा एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. तेवढं लावायचं तर चेहरा, कान आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर बुडापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन पट्ट्या लागतात. एका पूर्ण हाताला, खांद्यापासून बोटांपर्यंत, चहाचा एक चमचा. म्हणजे दोन्ही हात रोज रंगवायचे तर ५० ग्रॅमची ट्यूब पाच वेळांत संपेल. त्यापेक्षा बाही स्वस्त. सनस्क्रीन फक्त तिथे, जिथे कापड टिकत नाही: गालांचा वरचा भाग, नाक, ओठांची वरची कड, हाताची पाठ. नुसत्या चेहरा-मानेलाही रोज एकदा नीट लावलं तर ५० ग्रॅम तीनेक आठवडेच पुरतं. तीन महिने पुरत असेल तर थर पातळ लागतोय, आणि मग वरचा आकडा ३० असो की ५०, तो लागू होत नाही.

आकड्यांबद्दल: एसपीएफ ३० यूव्हीबीचा (त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांचा) सुमारे ९७ टक्के भाग अडवतो, ५० सुमारे ९८. या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. त्याऐवजी 'पीए'पुढे किमान तीन अधिकची चिन्हं आहेत का पाहा. काळे डाग गडद करणाऱ्या यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांपासून मिळणाऱ्या संरक्षणाचं माप ते आहे.

निघण्याआधी वीस मिनिटं लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा. घाम रुमालाने टिपून मग लावायचं. ओल्या अंगावर घासलं की गोळे होऊन निघतं. कपाळावर फार लावू नका, घामाबरोबर डोळ्यांत उतरून झोंबतं. तिथे रुमालच बरा. ट्यूब गाडीच्या डिकीत किंवा बांधावर उन्हात ठेवू नका. तापून मलम फुटलं, वर पाणी सुटलं की ती टाकून द्यायची. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नाही, फक्त सावली आणि कपडा.

पळसपान
फार उपयोगी. यात एक राहिलं. काही जणींना तोंडावर, मानेवर खाज येऊन लाल चट्टे उठतात. गावात सगळे त्याला 'उन्हाची ॲलर्जी' म्हणतात. त्यांनाही हेच सांगायचं का?

निदानवही
नाही, आधी गाजरगवत आहे का ते बघायचं. त्याचा हवेतला भुगा उघड्या अंगावर बसून इसब होतो आणि तो हुबेहूब उन्हाच्या ॲलर्जीसारखा दिसतो. फरक ओळखायला आरसा पुरतो. ऊन जिथे पोचत नाही त्या जागा पाहा: वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग, कानामागची घडी, कोपराची आतली घडी. तिथेही पुरळ असेल तर संशय गाजरगवतावर. या जागा स्वच्छ असतील आणि गाल, नाक, मानेचा उघडा भागच लाल असेल तर उन्हावर. गाजरगवताच्या रोग्याला नुसतं सनस्क्रीन चोपडून उपयोग नाही. पूर्ण कपडे, उपटताना हातमोजे, फुलोऱ्याआधी उपटणं, घरी येताच आंघोळ आणि कामाचे कपडे वेगळे धुणं. काही जणींना दोन्हीचा त्रास असतो, म्हणून पक्कं निदान त्वचारोगतज्ज्ञाकडूनच.

वांगाबद्दल स्पष्ट बोला. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि ऊन यांचा त्यात मोठा वाटा असतो, घराण्यातूनही येतं. नुसता डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा तो गडद करतो, म्हणून गालफडांवरून पुढे ओढलेला दाट रुमाल किंवा आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन जास्त कामाचं. महिना-दोन महिन्यांत पुसून जाईल अशी आशा दाखवू नका.

आणि हे कळकळीने सांगतो: 'आठ दिवसांत गोरं' म्हणून मेडिकलमधून किंवा शेजारणीकडून आणलेली मलमं. त्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं. चेहरा सुरुवातीला उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल नसा दिसतात, बारीक केस आणि पुटकुळ्या येतात, ऊन सोसवत नाही, आणि बंद केलं की चेहरा भाजल्यासारखा पेटतो. जी अशी क्रीम महिनोन्‌महिने लावत असेल तिने ती अचानक न सोडता डॉक्टरांना ट्यूब दाखवावी.

काळपटपणा जावा म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाणंही बंद. लिंबाच्या रसातले काही घटक उन्हात कातडी भाजतात. सरबत करताना मनगटावर ओघळलेल्या रसाचा काही दिवसांनी ओघळाच्याच आकाराचा काळा डाग उठतो, तो त्यामुळेच. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या चालू असतानाही ऊन जास्त बाधतं.

गावात अल्बिनिझम (जन्मतःच त्वचेत रंगद्रव्य जवळपास नसणं) असलेलं कुणी असेल तर ही सगळी काळजी त्यांना सर्वांआधी. आपल्या सावळ्या कातडीत उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग कमी आढळतो, त्यांच्यात तो धोका फार मोठा. कुणाचीही जखम महिनाभरात भरली नाही, किंवा जुन्या भाजल्याच्या वणावर नवा व्रण झाला, तर दाखवायलाच हवं.

पळसपान
टॉर्च आणि काठीची सावली दोन्ही करून दाखवेन. शेवटचं: उन्हाळ्यात रुमाल ओला करून बांधतात, ते थांबवायला सांगू का?

सूतपोत
थांबवू नका, उष्माघातापासून तो मोठा आधार आहे. फक्त पातळ पांढरा पंचा ओला करून एकेरी बांधू नये. गडद, दाट कापड दुहेरी घडी करून भिजवायचं, आणि नाकातोंडावर घट्ट न आवळता सैल ठेवायचं.