मदत हवी आहे: जॉर्जियन भाषेचं पुढच्या टप्प्याचं साहित्य

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं जॉर्जियन शिकतेय, बहुतेक स्वतःच्या स्वतः. लिपीची ३३ अक्षरं पहिल्याच आठवड्यात बसली. प्राथमिक पुस्तकं दोन झाली, हॉवर्ड अ‍ॅरन्सन यांचं १९८२ सालचं वाचनावर बेतलेलं व्याकरणही शेवटच्या धड्यापर्यंत केलं. आता मात्र अडलेय. ओळख करून देणं, रस्ता विचारणं, खरेदी करणं एवढ्याचे पाठ हवे तेवढे मिळतात आणि त्यानंतर एकदम वर्तमानपत्रच. मधली पायरीच सापडत नाहीये.

व्याकरणाची धास्ती नाही, उलट मराठी कामी आली. ‘कात्समा दात्सेरा त्सेरिली’ म्हणजे ‘माणसाने पत्र लिहिलं’. कात्सी म्हणजे माणूस. अशा भूतकाळात त्याला ‘मा’ लागतो, आपल्या ‘ने’सारखा. हे वाचलं तेव्हा इतका आनंद झाला होता!

गाडी अडते ती बातमीत ‘दाउत्सेरिआ’सारखं रूप आलं की. ‘त्याने लिहिलंय म्हणे’ असा त्याचा भाव. पुढचे ‘दा’ आणि ‘उ’ सोलायचे, मागचा ‘इआ’ काढायचा, मग ‘त्सेर’ हा धातू हाती लागतो आणि शब्दकोश उघडता येतो. हा धातू ओळखीचा होता म्हणून जमलं. अनोळखी असला की एकेका वाक्यावर पंधरा मिनिटं जातात आणि तोवर लेख काय सांगत होता तेच विसरायला होतं. किता चेंकेली यांचा तीन खंडांचा कोश धातूंप्रमाणे लावलेला आहे, पण अर्थ जर्मनमध्ये, आणि मला जर्मन येत नाही.

तर सगळ्यात जास्त गरज आहे ती टिपांसह असलेल्या वाचनपाठांची: लघुकथा, लेख, काहीही चालेल, फक्त क्रियापदांची फोड दिलेली हवी. दुसरं म्हणजे मुलाखतींचं ध्वनिमुद्रण आणि सोबत त्याचा शब्दशः मजकूर. बातम्या वाचणाऱ्याचं बोलणं बऱ्यापैकी कळतं, पण दोन माणसं गप्पा मारायला लागली की शब्द कुठे तुटतो तेच समजत नाही. विद्यापीठांत वरच्या वर्गांना लावलेली टिपणं कुणाकडे असतील तर तीही चालतील. जुनी असली तरी हरकत नाही.

फिनिश, स्वाहिली किंवा अशीच कमी शिकवली जाणारी भाषा शिकलेल्यांनीही सांगा, पाठ्यपुस्तक संपल्यावर तुम्ही आधी काय वाचायला घेतलंत? मी क्रियापदरूपांची वही ठेवली आहे, कुणी जॉर्जियन शिकत असेल तर आनंदाने पाठवेन.