देशोदेशीच्या इन्स्टंट नूडल्सना क्रमांक लावायचाय, पण गुण दर वेळी बदलतात

शेवयाबहाद्दर
इंडोनेशिया, कोरिया, जपान, थायलंड, सिंगापूर अशी मिळून १४ प्रकारची पाकिटं आहेत, प्रत्येकाची तीन-तीन. दहापैकी गुण देऊन एकच यादी करायची आहे. पण एकाच पाकिटाला पहिल्या खेपेला ८ पडले, दुसऱ्या खेपेला ५. पाणी अंदाजाने घेतलं, वेळ पाकिटावरची पाळली, एका बैठकीत सहा प्रकार चाखले. चुकतंय कुठे?

काटा_घड्याळ
‘पाणी अंदाजाने’ यातच अर्धा घोटाळा आहे. कोरियाच्या शिन राम्यूनचं उदाहरण घ्या: १२० ग्रॅमचं पाकीट, ५५० मिली पाणी, साडेचार मिनिटं. पसरट भांड्यात झाकण न ठेवता खळखळ उकळलं तर तेवढ्या वेळात ८०-१०० मिली पाणी सहज उडतं. मीठ आहे तेवढंच, त्यात शेवयाही पाणी पितात. मग उरलेला रस्सा खारट लागणारच, आणि आपण कंपनीचे गुण कापून मोकळे.

उपाय वजनकाट्याचा. रिकामं भांडं तोला, समजा ४१० ग्रॅम भरलं. त्यात ५५० पाणी आणि १२० पाकीट मिळवलं की १०८०. छापील मापात थोडं पाणी उडणार हे धरलेलं असतं, म्हणून मी ५० ग्रॅम घट सोडतो: लक्ष्य १०३०. शिजल्यावर काटा ९९५ दाखवतोय? ३५ मिली उकळतं पाणी वरून घाला. घट ५० धरा की ३०, त्याने काही बिघडत नाही. सगळ्या रश्शाच्या पाकिटांना एकच आकडा हवा, एवढंच. भांडंही तेच आणि आचही तीच.

घड्याळ पाणी पुन्हा उकळल्यापासून लावा, शेवया टाकल्यापासून नाही. उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो आणि छापील वेळ अपुरी पडते. तिथे एक शेवई काढून नखाने तोडा. मधोमध पांढरा ठिपका दिसला तर अजून कच्ची आहे. ठिपका नुकता गेला की आच बंद.

जीभ_जड
काट्याचं पटलं. पण सहा प्रकार एका बैठकीत? तीन पुरेत, आणि तिखट नेहमी शेवटी. मिरचीतलं झोंबणारं द्रव्य, कॅपसायसिन, पाण्याने जात नाही, जळजळ साठत जाते आणि पुढचा सौम्य रस्सा बेचव वाटतो. मध्ये दूध घ्या (त्यातलं केसीन हे प्रथिन कॅपसायसिनला धरतं) आणि किमान २० मिनिटं थांबा. मसाल्यातल्या मोनोसोडियम ग्लुटामेटची आणि त्याच्या जोडीला असणाऱ्या इनोसिनेट-ग्वानिलेटची (हे सगळे चव खुलवणारे क्षार) चवही जिभेवर बराच वेळ रेंगाळते. तिचा फायदा-तोटा पुढच्या वाटीला होतो. म्हणून दुसऱ्या खेपेला क्रम उलटा करा.

दहापैकी गुण ही पद्धतच मला फसवी वाटते. दोन वाट्या शेजारी ठेवायच्या आणि ‘यातली कोणती पुन्हा खाशील?’ एवढंच विचारायचं. वाट्या दुसऱ्याने भराव्यात, खाली चिठ्ठी लावून. रस्सा उकळता असताना चव घेऊ नका, ६०-६५ अंशांवर आला की घ्या. पाच मिनिटांनी पुन्हा एक घास घ्या. मऊ पडून गोळा होणारी शेवई तेव्हाच उघडी पडते.

सुकी_कढई
वरचं सगळं रश्शाच्या पाकिटांना लागू. इंडोनेशियाच्या इंडोमी कंपनीच्या ‘मी गोरेंग’ला (रस्सा नसलेल्या सुक्या नूडल्स) तेच माप लावलं तर त्याचा खूनच. त्यात पाणी फक्त शिजवायला असतं. आधी ताटलीत पूड, तिखट, तेल आणि केचप मानिस (गोडसर सोया सॉस) एकत्र करा. शेवया ३ मिनिटं उकळून पूर्ण निथळा आणि गरम असतानाच त्यात घोळवा. तळलेला कांदा सगळ्यात शेवटी. निथळताना चार चमचे पाणी राहिलं तरी सॉस तळाशी उतरतो आणि शेवई फिकी लागते.

कोरियाचं जहाल तिखट बुलडाक (१४० ग्रॅम) बरोबर उलटं. ६०० मिलीत ५ मिनिटं उकळून ८ मोठे चमचे पाणी मुद्दाम ठेवायचं, मग सॉस घालून आचेवर ३० सेकंद परतायचं. ते पिठाळ पाणी सॉसला बांधून धरतं. कोरडं परतलं तर सॉस चिकटतो, करपतो.

आणि जपानच्या निस्सिन कंपनीच्या चिकन रामेनला (१९५८, आंदो मोमोफुकूंचं पहिलं इन्स्टंट उत्पादन) मसाल्याची पुडीच नसते, चव शेवईतच मुरवलेली. वाटीत ठेवा, उकळतं पाणी ओता, ३ मिनिटं झाका.

म्हणून एकच यादी करू नका. रश्शाचे आणि सुके असे दोन भाग करा, त्यात पुन्हा तळून वाळवलेले आणि गरम हवेत वाळवलेले. तळलेल्या शेवईत १५-२० टक्के तेल असतं, पाणी निघून गेलेली छिद्रं राहतात, म्हणून ती तीन ते पाच मिनिटांत फुलते. सिंगापूरच्या प्रायमा टेस्ट लक्सासारखी हवेत वाळवलेली शेवई घट्ट असते, तिला सातेक मिनिटं लागतात. तिला तिनात उतरवून ‘कच्ची’ म्हणणं अन्याय आहे.

शेवयाबहाद्दर
कळलं. भाजी-अंडं घालून चाखायचं की नुसतं? आणि थायलंडच्या ‘मामा’ कंपनीच्या तोम यममध्ये (आंबट-तिखट रस्सा) मसालापेस्टची पुडी कधी घालायची?

काटा_घड्याळ
नुसतंच. अंडं फोडलं की रस्सा गढूळ होतो आणि तिखट बोथट होतं, मग तुम्ही अंड्याला गुण देता.

सुकी_कढई
पूड आणि पेस्ट आच बंद केल्यावर. लिंबू आणि गवती चहाचा वास उकळीबरोबर उडतो, आंबटपणा तेवढा मागे राहतो. ते पाकीट ६० ग्रॅमच्या आसपास आहे, बुलडाकच्या निम्म्याहून कमी, तेव्हा ‘पोट भरलं नाही’ म्हणून गुण कापू नका.

माझा कौल विचाराल तर सुक्यात इंडोमी, रश्शात शिन, आंबटात ‘मामा’. बुलडाक चवीपेक्षा पैजेसाठी जास्त खाल्लं जातं.

जीभ_जड
बुलडाकवर असहमत, पण ते राहू दे. शिनची शेवई दाताखाली तग धरते, कारण मैद्यासोबत बटाट्याचा स्टार्च आहे. हे निरीक्षण गुणांत वेगळं लिहा.

चाखण्याआधी पाकीट फोडून कोरडी शेवई हुंगा. तेलाचा खवट वास आला तर ते पाकीट बाद, तारीख उलटलेली नसली तरी. उन्हात किंवा गरम जागी ठेवलेली पाकिटं लवकर खवटतात. तीनपैकी एक खवट निघालं तर उरलेल्या दोघांवरच निकाल द्या.