पाच पौंडांचं विलायती इंजिन कुळ्याच्या मीटरगेजचं करायचंय, कुठून सुरुवात करू?

केपेकरीण

नमस्कार मंडळी. रेल्वेच्या मॉडेलांतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून सरळ विचारते.

शेजारचा मुलगा स्विंडनला असतो. नाताळात घरी आला तेव्हा तिथल्या जुन्या बाजारात पाच पौंडांना घेतलेलं एक छोटं इंजिन आणि लोखंडी रुळांचा गोल माझ्या हातात ठेवून गेला. चार चाकं, बॉयलरच्या पाठीवर पाण्याची टाकी, हिरवा रंग, पुढचा एक बफर (धक्का झेलणारी गोल तबकडी) तुटलेला. पोटाखालचं कंपनीचं नाव घासून गेलंय. रुळांना ९ व्होल्टची बॅटरी लावली तर आधी ढिम्म हलत नाही. बोटाने जरा ढकललं की असं सुसाट सुटतं की पहिल्याच वळणावर आडवं.

यंदा चवथीला मखराशेजारी दूधसागरचा देखावा करायचाय. धबधबा, पूल, वरून जाणारी गाडी. बाबांचं लहानपण दूधसागरच्या घाटाखालच्या कुळ्याला गेलं, रुळांच्या पलीकडेच घर. त्यांनी इंजिन उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "हे आपलं नव्हे. आपल्या गाडीला दोन बाजूंना बफर कुठे होते?" तेव्हापासून डोक्यात घोळतंय की याचंच काहीतरी करून कुळ्याचं इंजिन करावं. वायजी, ते मीटरगेजचं मोठं वाफेचं इंजिन, होईल का? हळू कसं चालवायचं? सामान गोव्यात मिळेल का? मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे पुठ्ठा आणि कटर रोजचेच आहेत. सोल्डरिंग कधी केलेलं नाही. दोन-तीन हजारांच्या वर जायचं नाही.

लोंढा_पॅसेंजर

ताई, कशाला एवढा खटाटोप? जत्रेत बॅटरीवरची गाडी मिळते, शिटी वाजते, लाइट लागतो. चिमणीत अगरबत्तीचा तुकडा खोचा, धूरही तयार.

सावर्डेकर

लोंढेकर, अगरबत्ती बिलकूल नको. चिमणी प्लास्टिकची, तिच्याखाली मोटर, बाजूला माटोळीची सुकत आलेली पानं. चवथीला बंब बोलवायचाय का?

केपेकरीणबाय, तुझं इंजिन टाकाऊ नाही. माझी सगळी नोकरी बार्जच्या वर्कशॉपात गेली, निवृत्तीनंतर हाच नाद लागला. अशी चार चाकांची स्वस्त इंजिनं माझ्या कपाटात ओळीने उभी आहेत आणि त्यातलं एकही आता विलायती दिसत नाही.

आधी वायजीचं खूळ डोक्यातून काढ. वायजी म्हणजे टू-एट-टू. पुढे दोन छोटी चाकं, मध्ये दांड्यांनी जोडलेली आठ, मागे दोन, आणि पाठीमागे कोळसा-पाण्याचा वेगळा टेंडर. तुझं आहे झीरो-फोर-झीरो. त्याच्यावर वायजीचं सोंग चढवलंस तर बाबा पुन्हा तेच म्हणतील. त्यापेक्षा यार्डात शंटिंग करणारं, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवणारं, टाकीवालं छोटं इंजिन कर. अमुक वर्षाचं अमुक नंबरचं, असा दावाच करू नको.

आता खरी गोम. तुझ्या दोन रुळांमधलं आतलं अंतर मोज, १६.५ मिलिमीटर भरेल. इंग्लंडात या रुळावर १:७६ ची, म्हणजे खऱ्यापेक्षा ७६ पट लहान, मॉडेलं चालवतात, बाकी युरोपात आणि अमेरिकेत १:८७ ची. १६.५ ला ८७ ने गुणलं की १४३५ मिलिमीटर येतात, ते त्यांचं स्टँडर्ड गेज, म्हणजे खऱ्या रुळांमधलं अंतर. आपल्या मीटरगेजला हवेत १०००. हजाराला १६.५ ने भाग, साठ आणि वर थोडं येतं. म्हणजे १:६० च्या माणसाच्या दृष्टीने तुझ्या हातातले रूळ आत्ताच मीटरगेज आहेत! रूळ बदलायचे नाहीत, चाकं बदलायची नाहीत, मोटरचा सांगाडा तसाच. फक्त वरचं अंग मोठं करायचं. इथेच बहुतेक लोक चुकीच्या जागी पैसे घालतात, नवीन सांगाडा मागवत बसतात.

मी १:६४ धरतो. त्यात मीटरगेज १५.६ मिलिमीटर होतं, म्हणजे फरक एक मिलिमीटरचाही नाही, आणि गणपतीला आलेला पाहुणा खिशात व्हर्नियर घेऊन येत नाही. १:६४ चा फायदा असा की खेळण्यांच्या दुकानातल्या मुठीत मावणाऱ्या धातूच्या मोटारी बऱ्याचशा याच मापाच्या आसपास असतात. फाटकापाशी उभा करायला ट्रक आयता मिळतो.

केबिनपासून सुरुवात कर. साडेपाच फुटी माणूस १:७६ ला २२ मिलिमीटर होतो, १:६४ ला २६. चारच मिलिमीटर, पण त्याच्यामागे दार वाढतं, खिडकी वाढते, छप्पर वर जातं, आणि चाकं एकदम पोटाखाली गेल्यासारखी दिसतात. मीटरगेजचा रुबाब तोच, रूळ अरुंद आणि अंग रुंद. जुनी केबिन बारीक पात्याच्या करवतीने उडव. नवी आधी पुठ्ठ्याची कर, इंजिनावर ठेव, बाबांना दाखव, त्यांनी मान डोलावली की मग एक मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या शीटमध्ये काप. छप्पर चारी बाजूंनी बाहेर काढ, घाटातल्या पावसाचं इंजिन आहे.

बॉयलरला वायरिंगचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घे. १:६४ ला तो सव्वा मीटरच्या वर जातो, छोट्या इंजिनाला शोभतो. मोटर जिथे वर येते तिथे पाइपचं पोट कापायचं. दोन्ही बाजूंना चौकोनी टाक्या बसवल्या की कापलेलं काही दिसत नाही. जोड फेविक्विकने, फटी एम-सीलने. एम-सील पुरता सुकल्यावर पाण्याच्या पॉलिशपेपरने घास, घाई केलीस तर कडा ओढल्या जातात. बॉयलरच्या बाजूची कठड्याची दांडी मोटर वाइंडिंगवाल्याकडच्या तांब्याच्या तारेची. रिव्हेटसाठी पातळ कार्डावर मागच्या बाजूने पट्टी धरून कंपासच्या टोकाने ओळीत टोचत जा, पुढून फोड उठतात. ते कार्ड टाकीवर चिकटव. हे काम सावकाश कर, ओळ वाकडी गेली तर अख्खं इंजिन वाकडं दिसतं.

बफरच्या बाबतीत बाबांचंच खरं. मीटरगेजला मधोमध एकच बफर असायचा आणि जोडणीही तिथेच. बाजूचे बफर मुळापासून काप, जागा सपाट कर आणि मध्ये टिचबटणाची एक वाटी बसव. खाली काऊकॅचर (रुळांवरचं बाजूला सारणारी जाळी), वर मोठा हेडलाइट. एवढं केलंस की इंग्लंड गेलं.

चालण्याबद्दल. ढकलल्यावर पळतं म्हणजे मोटर जिवंत आहे, वीज नीट पोचत नाही. चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या कडेवर काळा थर असेल. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आण आणि कापसाच्या काडीने काडी स्वच्छ निघेपर्यंत पूस. चाकांच्या पाठीला पत्र्याच्या बारीक पट्ट्या टेकलेल्या असतात, वीज त्यांच्यातूनच मोटरला जाते. एखादी सुटली असेल तर चिमट्याने हलकेच वाकवून टेकव. जोरात दाबलीस तर ती ब्रेकचं काम करील. जुनं ग्रीस सुकून घट्ट झालेलं असतं, ते खरवडून काढ आणि प्रत्येक आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सुईच्या टोकाने दे. खोबरेल नको, ते थिजतं. आणि काही झालं तरी चाकं आसावरून उपटू नको. डाव्या-उजव्या क्रँकमध्ये, म्हणजे दांडा जिथे चाकाला जोडतो तिथे, ९० अंशांचा फरक ठेवलेला असतो, तो हलला की दांडे अडकतात आणि घरी पुन्हा जुळवणं महाकठीण.

सुसाट सुटण्याचं कारण मात्र बॅटरी. तिला चालू आणि बंद एवढंच कळतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डीसी मोटरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर मिळतो, बटण फिरवून वेग कमी-जास्त करायचा. स्क्रूने वायर आवळायचा घे, सोल्डरिंग लागत नाही. मागे राउटरचा जुना १२ व्होल्टचा ॲडॉप्टर. मध्ये स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब मालिकेत घाल. गाडी घसरून दोन रूळ शॉर्ट झाले की बल्ब पेटतो आणि कंट्रोलर वाचतो. वेग किती? १:६४ ला ताशी २० किलोमीटर म्हणजे एक मीटर रूळ ओलांडायला साडेअकरा सेकंद. मोबाइलचं घड्याळ लावून बटणावर तिथे पेनने खूण कर, नाहीतर घरातली पोरं त्याची राजधानी करतील.

वजन राहिलं. प्लास्टिकचं इंजिन हलकं असतं, म्हणून चाकं रुळांना नीट दाबत नाहीत आणि वीज तुटते. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाळ्याला लावायचं शिसं मिळतं, ते टाक्यांमध्ये दोन्ही बाजूंना सारखं भर. नंतर हात साबणाने धू, आणि शिसं मुलांच्या हातात देऊ नको.

प्लास्टिकच्या शीटसाठी पणजीला आल्तिनोवर आर्किटेक्चर कॉलेज आहे, तिथली मुलं मॉडेलचं सामान कुठून आणतात ते विचार.

केपेकरीण

काका, हे वाचून लगेच पट्टी घेऊन रूळ मोजले. साडेसोळाच! पुठ्ठ्याची केबिन आजच करते.

दोन गोष्टी राहिल्या. पूल थोडा चढावर केला तर चालेल का, घाटासारखा? आणि टाकीवर अक्षरं कुठली लिहू? बाबा १९५८ चे.

सावर्डेकर

चढ करू नको. कुळे ते कॅसलरॉक हा खरा घाट ३७ ला १ आहे, आजसुद्धा गाडीला मागून इंजिनं लावून ढकलतात. तो चढ तुझ्या देखाव्यात म्हणजे मीटरभरात २७ मिलिमीटर. चार चाकांचं हे पोर डबे घेऊन त्यावर जागच्या जागी चाकं फिरवील. रूळ सपाट ठेव आणि डोंगर तिरका कर, डोळ्याला चढच वाटतो.

अक्षरांचं असं आहे. लाइन पोर्तुगीज काळातली, १८८० च्या दशकात मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत घातलेली, आणि ब्रॉडगेज झाली नव्वदच्या दशकात. मधल्या काळात मालक बदलत गेले. दक्षिण मध्य रेल्वे ऑक्टोबर १९६६ मध्ये झाली आणि ही लाइन ज्यात येते तो हुबळी विभाग तिच्याकडे गेला. त्याआधी दक्षिण रेल्वे. बाबा तेव्हा आठ वर्षांचे, म्हणजे दोन्ही पाहिलेले असणार. त्यांनाच निवडू दे. आणि कधी पुण्याला गेलीस तर कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून ये, १९९८ पासून आहे. इंजिनापेक्षा तिथला देखावा बघ, तुझ्या कामाचा तो आहे.

फोंडा_डेंटिंग_पेंटिंग

रंगाचं कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो, आमचा धंदाच तो. ताई, चवथ पावसात येते म्हणून रंग चवथीच्या तोंडावर काढू नका. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की स्प्रे मारल्यावर रंगावर पांढरट झाक येते आणि ती पुसून जात नाही. मेच्या मध्यापर्यंत रंग संपवा, सकाळी ऊन चढल्यावर.

आधी भांड्याच्या साबणाने बॉडी धुवा, हाताचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग राखाडी प्रायमर, दोन पातळ हात. प्रायमर मारल्यावर घासायच्या राहिलेल्या सगळ्या जागा उघड्या पडतात, तेव्हाच एम-सीलचा दुसरा हात. वरून मॅट काळा, पण निव्वळ काळा नको, थोडा राखाडी मिसळा. छोट्या वस्तूवर गडद काळा मारला की रिव्हेट दिसतच नाहीत, तुमची सगळी टोचाटोची फुकट. पुढचा बफरचा तुळवा लाल.

धूळ विकत आणू नका. अंगणातला चिऱ्याचा चुरा साडीच्या फडक्यातून गाळा, सुक्या ब्रशने चाकांवर आणि पायऱ्यांवर लावा, वरून मॅट क्लिअरचा एक हलका हात. मात्र गाळल्यावर कागदाखालून लोहचुंबक फिरवा. आपल्या मातीत लोखंडाचे कण असतात, ते मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. कोळशाची धूळ हवी असेल तर वास्कोतल्या कुणालाही विचारा, बंदरावरून उडून आलेली खिडकीच्या चौकटीवरून चिमूटभर पुसून देतील.

लोखंडी रूळ पावसात गंजतात. चवथ झाली की पुसून, तेलाचा हात देऊन, प्लास्टिकच्या डब्यात बंद करा. पुढच्या वर्षी चालवण्याआधी ते तेल आयपीएने काढा.

लोंढा_पॅसेंजर

मी तर गंमत केली होती, इथे कारखानाच निघाला. डबे किती जोडायचे ते तरी सांगा.

सावर्डेकर

दोन, फार तर तीन. तुमच्या जत्रेतल्या गाडीचे डबे चालतील, चाकांचं माप जुळलं तर. नाहीतर खालची चाकं बदलायची आणि वरचा डबा तसाच ठेवायचा. केपेकरीणबाय, पुठ्ठ्याच्या केबिनचा फोटो टाक, खिडकी किती मोठी काढलीस ते बघू.