मोबाइलशिवाय जेवत नाही: आधी दूध मोजा

दोन वर्षांची मुलगी मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही, अशी तुमची तक्रार आहे. मोबाइल नंतर बघू, आधी दूध मोजा. दिवसाला ५०० मिलीच्या वर गेलं की भूक मरते, लोहही कमी पडतं. जेवणाआधी दोन तास दूध-बिस्किट काही नको, पाणी चालेल. ताटात दोनच चमचे मऊ मुगाची खिचडी, अर्धा चमचा तूप, वर लिंबाचे चार थेंब (डाळीतलं लोह नीट शोषलं जातं) आणि तिला मुठीत धरता येईल अशी उकडलेल्या गाजराची लांब फोड. सांडू द्या. तिच्यासोबत तुम्हीही तेच खा. २० मिनिटांनी ताट उचला, घास घेऊन मागे धावू नका. मंडईत पुरंदरचे अंजीर आले असतील तर निवडायला तिलाच सांगा.