क्वार्टर आधी कोणाला: छावणीत हजर असलेल्या जवानाला, की फील्डवर गेलेल्याच्या कुटुंबाला?

कोरेगावची_सून
माझे मिस्टर सैन्यात नाईक आहेत. लग्नाला सहा वर्षं झाली, आणि एकत्र राहिलो ते फक्त रजेचे दिवस. गेल्या वर्षी त्यांची युनिट फील्डवरून, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणाहून, पीसला, म्हणजे कुटुंब नेता येतं अशा ठिकाणी आली, महाराष्ट्रातल्याच एका छावणीत. नाव लिहीत नाही. मला वाटलं, आता तरी दोन-अडीच वर्षं संसार होईल. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैन्याच्या कागदोपत्री नोंद, कधीच झाली होती, मुलीच्या जन्माचीही झाली. म्हणजे सरकारच्या दृष्टीने मी बायको आहे आणि मुलगी मुलगी आहे, पात्रतेत काही कमी नाही. यादीत नाव लागून 11 महिने झाले. क्वार्टर नाही.

मागच्या महिन्यात तिथल्या एका ओळखीच्या ताईंकडे गेले होते. त्यांच्या ब्लॉकमध्ये सहा घरं आहेत आणि त्यातल्या चार घरांचे पुरुष फील्डवर आहेत. माझा नवरा त्या ब्लॉकपासून सायकलने दहा मिनिटांवर बॅरेकमध्ये कॉटवर झोपतो. कॉटखाली त्याची काळी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. आणि मी इकडे सासरी.

माझं म्हणणं सरळ आहे. जो छावणीत ड्यूटी करतोय त्याला आधी घर द्या. चुकत असेन तर सांगा.

दहावीची_आई
त्या चारांतली एक मी आहे असं समजा. आमचे हे लडाखच्या बाजूला आहेत. मोठी मुलगी दहावीत, आणि ही तिची पाचवी शाळा. ते फील्डवर निघाले तेव्हा मी घर सोडून गावी गेले असते तर सहावी झाली असती, तीही मराठी माध्यमाची, बोर्ड वेगळं. तुमचे मिस्टर दहा मिनिटांवर आहेत, रविवारी भेटतात तरी. आमचा फोन लागतो तेव्हा लागतो.

"बाहेर भाड्याने घ्या" म्हणाल, तर तेही करून पाहिलंय. घरमालक पहिला प्रश्न विचारतो, "साहेब कुठे असतात?" लडाखला म्हटलं की कौतुक करतो, आणि एकटी बाई दोन मुलींना घेऊन राहणार म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही. छावणीत गेटवर पहारा असतो, एमआय रूम, म्हणजे छावणीतला दवाखाना, जवळ असते, रात्री ताप चढला तर शेजारीण उठते. माणूस फील्डवर असताना हे लागत नाही, तर कधी लागतं?

जुना_सुभेदार
दोन्ही लेकी बरोबर बोलताय, म्हणून मध्ये पडतो. शेवटची काही वर्षं क्वार्टरिंगच्या कामात गेली, रोज अशीच भांडणं टेबलावर यायची.

आधी एक समजून घ्या. फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी एसएफ, म्हणजे सेपरेटेड फॅमिली क्वार्टर, हा वेगळा हिशेब असतो. त्याची यादी वेगळी, पीसवाल्यांची वेगळी. जवानांच्या बाबतीत तर प्रत्येक लग्न झालेल्याला घर हे गणितच कधी नव्हतं. ठरावीक टक्क्यांपुरतीच घरं मंजूर होतात. 2002 साली मॅरिड अकोमोडेशन प्रोजेक्ट सुरू झाला, टप्प्याटप्प्याने सुमारे 2 लाख घरं बांधायची होती. बरीच बांधली, बरीच रखडली. घरं कमी असली की नियम कितीही चांगला असू दे, कोणी ना कोणी बाहेर राहणारच.

पण खरा घोळ या दोन याद्यांत नाही. तो कुलपात आहे. घर अलॉट झालेलं असतं, बायको सासूच्या आजारपणासाठी गावी गेलेली असते, ती सहा महिने येत नाही, आणि जवान घर सोडत नाही, कारण सोडलं तर पुन्हा यादीच्या तळाला. मी अशी कुलपं मोजायला फिरलोय. व्हरांड्यात धूळ, तुळस वाळलेली, मीटर जागच्या जागी. विचारलं की उत्तर ठरलेलं: "साहेब, पुढच्या आठवड्यात येतायत."

टॅक्स_भरणारा
इतकी रड कशाला? घर नाही मिळालं तर घरभाडे भत्ता मिळतो ना? सातव्या वेतन आयोगापासून जवानांनाही तो मिळतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मूळ पगाराच्या 30 टक्के, मधल्या शहरांत 20, बाकी ठिकाणी 10. आमच्या खाजगी नोकरीत कोणी विचारत नाही बायको कुठे राहते ते.

कोरेगावची_सून
@टॅक्स_भरणारा दादा, हिशेब करूनच लिहिते. नाईकाचा सुरुवातीचा मूळ पगार 25,500. त्याचे 30 टक्के म्हणजे 7,650. एवढ्यात छावणीच्या आसपास एक खोली मिळाली तरी डिपॉझिट वेगळं, आणि जवानाला बाहेर राहायची परवानगी लागते, ती वेगळीच. वर्षभरात युनिट हलली की सगळा संसार पुन्हा टेम्पोत. आणि खाजगी नोकरीतला माणूस संध्याकाळी घरी येतो, तेवढं एक विसरलात.

इतिहासाचा_किडा
थोडं विषयांतर. हा "पात्र" आणि "अपात्र" बायकांचा भेद इंग्रजांच्या काळातला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश पलटणीतल्या शंभर शिपायांमागे साधारण सहा जणांच्याच बायकांना पलटणीबरोबर परदेशी जायची मुभा असे. कोण जाणार ते निघायच्या वेळी चिठ्ठ्या टाकून ठरवत. चिठ्ठीत "नाही" निघालं की बाई पोरांसह धक्क्यावर. आता चिठ्ठीच्या जागी सिनिऑरिटीची तारीख आली, एवढाच फरक.

जुना_सुभेदार
@इतिहासाचा_किडा एवढाच नाही हो. तारखेवर निदान भांडता येतं.

एकटा_शिपाई
सगळे बायकोचंच बोलतायत, आईचं कोण बोलणार? माझ्या बॅरेकमधल्या एकाचं लग्न झालेलं नाही. वडील गेले, आई गावात एकटी, गुडघे गेलेत. त्याचा नंबर कुठल्या यादीत? कुठल्याच नाही. नावातच "मॅरिड" आहे. आणि अग्निवीर तर भरतीलाच अविवाहित लागतो, चार वर्षांचा करार, त्यामुळे तो प्रश्नच विचारू शकत नाही. सुभेदारसाहेब, याला काय म्हणाल?

जुना_सुभेदार
@एकटा_शिपाई बाळा, याला उत्तर नाही माझ्याकडे. नोकरीत असतानाही नव्हतं.

अपशिंगेकर
आमच्या साताऱ्याकडच्या गावांत घरटी एक फौजी. आमची आजी, आई, काकू, कोणी क्वार्टर पाहिलं नाही. सतरा-सतरा वर्षांची नोकरी मनिऑर्डरीवर निघाली. आत्ताच्या मुलींना सहा वर्षं जड जातात.

कोरेगावची_सून
@अपशिंगेकर काका, तुमच्या काकूंना कोणी विचारलं होतं का, जड गेलं का म्हणून? माझ्या सासूबाईंना मी विचारलंय. त्यांचं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

अपशिंगेकर
बरं बाई. मागे घेतो.

दहावीची_आई
@कोरेगावची_सून एक विचारू? माझं घर काढून तुला दिलं, आणि दीड वर्षाने तुझे मिस्टर फील्डवर गेले, तर तू घर सोडशील? मुलगी तेव्हा पहिलीत असेल.

कोरेगावची_सून
काल रात्री हा प्रश्न वाचला, लगेच लिहिलं नाही.

नाही सोडणार. चिकटून बसेन, तुमच्यासारखीच. म्हणून थोडं बदलून लिहिते. फील्डवाल्यांच्या घरांना हात लावू नका. पण सुभेदारकाका म्हणतात ती कुलपं मात्र उघडा. दोन महिने घर बंद दिसलं की नोटीस द्या आणि त्यानंतर घर काढून घ्या. फक्त यादीतला जुना नंबर राहू द्या. नंबर जाणार नसेल तर लोक भीतीने कुलूप लावून ठेवणार नाहीत.

जुना_सुभेदार
जुना नंबर राखायचं आम्हीही एकदा सुचवलं होतं. तारखा कोण सांभाळणार, यावर बैठक संपली. तरी पोरी, तुझे मिस्टर युनिटमधून अर्ज करू शकतात, त्यांना सांग. एकट्याच्या अर्जापेक्षा दहा जणांच्या अर्जांचं वजन वेगळं पडतं.

टॅक्स_भरणारा
कुलपांच्या मुद्द्याला माझाही पाठिंबा. ती घरं माझ्याही पैशांची आहेत.

दहावीची_आई
मार्चमध्ये हिची परीक्षा संपते. मग आम्ही माहेरी जाणार, एप्रिलमध्ये मार्चिंग आऊट, म्हणजे घर परत करणं. पंखे, ट्यूबलाइट, गीझर सगळं मोजून द्यायचं. तुला कधी घर मिळालं तर एक लक्षात ठेव: घर ताब्यात घेताना मार्चिंग इनच्या कागदावर सही करण्याआधी प्रत्येक नळ उघडून बघ. आमच्या स्वयंपाकघरातला पहिल्या दिवसापासून गळतोय आणि कागदावर तो "चालू" आहे. जाताना पैसे माझे कापणार.

कोरेगावची_सून
तुमचं घर एसएफच्या यादीत जाईल ताई, माझ्या वाट्याला नाही यायचं. नळाचं लक्षात ठेवते. मुलीला परीक्षेसाठी शुभेच्छा सांगा.