दोन वर्षांच्या पोरांसाठी 'ॲक्टिव्हिटी किट' की मेथीची जुडी?

पाटीपेन्सिल

दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठी दरमहा घरपोच येणाऱ्या खेळण्यांच्या पेट्यांच्या जाहिराती सध्या जिकडेतिकडे दिसतात. ओवायचे मणी, चिमटीत उचलायचे ठोकळे, ओतायचे कप. यातलं जवळजवळ सगळं घरात रोज चालूच असतं, आपण फक्त मुलाला 'लुडबूड नको' म्हणून लांब बसवतो.

मेथी घ्या. जुडी धुऊन, निथळून ताटात, आणि मुलापुढे फक्त पाच-सहा काड्या. अंगठा आणि तर्जनीची चिमूट वर्षाच्या आसपास जमलेली असते. पण एका हाताने काडी धरून दुसऱ्याने पान ओढणं, म्हणजे दोन हातांची दोन वेगळी कामं, हे त्यानंतर हळूहळू बसतं. म्हणून सुरुवातीला काडीचं बूड आपण धरायचं, पान त्याने खुडायचं. ते जमलं की काडी त्याच्या हातात. मेथी ताजीच हवी. मलूल झालेलं पान तुटत नाही, नुसतं लोंबतं, आणि मूल तिसऱ्या काडीला उठून जातं.

तसंच चड्डी घालणं. शेवटची पायरी आधी शिकवा. दोन्ही पाय आपण घालून चड्डी गुडघ्यापर्यंत आणायची, तिथून वर त्याने ओढायची. मग गुडघ्याऐवजी पोटरीपासून. पाय घालणं सगळ्यात शेवटी, आणि तेही पाटावर बसवून. उभ्याने एका पायावर तोल सांभाळत दुसरा पाय घालणं तीन वर्षांच्या मुलालाही जड जातं. सैल इलॅस्टिक, नाडी नको.

तिरकस

वाचायला गोड आहे. आता सकाळचे साडेसात, दोन डबे, एक कुकर, आठ वाजून दहाची लोकल. मेथीच्या सहा काड्यांना वीस मिनिटं कुठून आणायची? आणि तुमच्या लेखातले 'आपण' म्हणजे कोण हो? बहुतेक घरांत ती आईच. आधी स्वयंपाक तिचा होता, आता त्यात 'विकास' पण तिनेच साधायचा.

दुसरं, स्वयंपाकघर ही मुलांची जागा नव्हे. मटार सोलायला द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. दुधाच्या सगळ्या दाढा यायला अडीच-तीन वर्षं लागतात. त्याआधी कच्चा वाटाणा चावला जात नाही, आणि हसता-रडताना तो थेट श्वासनलिकेत जाऊ शकतो. अख्खे शेंगदाणे-फुटाणे पाच वर्षांपर्यंत देऊ नका असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही. कोरडा राजमा-हरभरा नाकात गेला तर ओलाव्याने फुगतो आणि घरी निघत नाही. पेटीतले ठोकळे निदान वयाप्रमाणे मोठे केलेले असतात.

पाटीपेन्सिल

कडधान्यांचं शंभर टक्के मान्य. 'वाट्यांतून राजमा ओता' हा उद्योग मलाही नापसंत आहे. ओतायला पाणीच बरं: परातीत दोन छोटे पेले, एकात साधारण १०० मिली, शेजारी एक फडकं. पेला काठोकाठ भरला की पहिल्याच झटक्यात सांडतं आणि आपण ओरडतो, म्हणून एक तृतीयांशच भरायचा. स्टीलचा जड गडू नको, मनगट वळवायच्या आधीच तो कलंडतो.

वेळेचं मात्र नाही पटलं. सकाळी करा असं म्हटलंच नाही. मेथी संध्याकाळी टीव्हीसमोर निवडली जाते, तेव्हा. आणि वीस मिनिटं कुठली? दोन वर्षांचं मूल चार-पाच मिनिटं टिकलं तरी पुष्कळ. उठून गेलं तर जाऊ द्यायचं.

सुईदोरा

हाताच्या कामांबद्दल थोडी भर.

ओला रुमाल पिळणं हे फार कमी लेखलेलं काम आहे. साधारण ३० सेंटीमीटरचा पातळ नॅपकिन द्या, टर्किशचा टॉवेल नको. मुलं आधी मुठीत दाबतात, मग दोन्ही हात एकाच दिशेला फिरवतात, आणि पाणी निघत नाही म्हणून चिडतात. पाठीमागून हात धरून एक हात पुढे, एक मागे, असं दोनदा करून दाखवलं की पुरे. मनगटाची हीच फिरकी पुढे झाकण उघडायला लागते.

कपड्यांचे चिमटे मात्र लोक फार लवकर देतात. कडक स्प्रिंगचा चिमटा दाबून उघडणं अडीच-तीनच्या आधी बहुतेकांना होत नाही. दोन वर्षांच्या मुलाला दोरीवरचे चिमटे फक्त *ओढून काढायला* द्यावेत, दोरी त्याच्या छातीच्या उंचीला बांधून. कणकेचा गोळा लिंबाएवढाच, जास्त मऊ नको, हाताला चिकटला की मूल तोंडात घालतं आणि कच्चं पीठ पोटात जाणं बरं नाही.

आणि कृपा करून कामाचे स्टार-चार्ट, म्हणजे काम केलं की बक्षीस म्हणून चांदणी चिकटवायचे तक्ते, लावू नका. वॉर्नेकेन आणि तोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दीड वर्षाच्या मुलांवर प्रयोग केले. मोठ्या माणसाच्या हातून चुकून पडलेली वस्तू बहुतेक मुलांनी न सांगता उचलून दिली, बक्षीस काही नव्हतं. २००८ च्या प्रयोगात वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल खेळणं दिलं, त्यांची पुढची मदत उलट कमी झाली.

उंबरठा

मी पाटीपेन्सिल यांच्या मूळ लेखाच्या बाजूने आहे, पण एका गोष्टीचा राग येतो. हल्ली प्रत्येक कामाचा वर्ग होतो. "बघ बाळा, ही मेथी, मेथी कोणत्या रंगाची? किती पानं आहेत? हे काय? ते काय?" मूल हात थांबवून तोंडाकडे बघत बसतं. काम करताना बोलणं हवंच, पण प्रश्नपत्रिका नको. क्रियापद बोला: खूड, झटक, पीळ, पुस, सांडलं, संपलं. मराठीत तर चंगळ आहे, निवडणं वेगळं, सोलणं वेगळं, वेचणं वेगळं. मग तीन-चार सेकंद गप्प राहा. दोन वर्षांच्या आसपास मूल दोन शब्द जोडतं, 'पाणी सांडलं' म्हणतं, पण त्याला मध्ये जागा तर मिळायला हवी!

कुरणशाळा

हा वाद नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. विकत आणलेल्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पानं वापरली. वाड्यापाड्यांतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. घरातलं, परिसरातलं काम हेच साहित्य, हे महाराष्ट्रात तेव्हाच सिद्ध झालंय.

तिरकस

उदाहरण उत्तम, पण ते माझ्याच बाजूचं आहे. बालवाडीत मुलांसाठीच नेमलेलं एक मोठं माणूस असतं. त्या बाईला त्याच वेळी फोडणी द्यायची नसते. घरात लक्ष दोन ठिकाणी विभागलं जातं, आणि अपघात तिथेच होतो.

बादलीचं कुणीच बोललं नाही. 'कपडे भिजवायला मुलाला घ्या' म्हणताना लक्षात घ्या, या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. वीस लिटरच्या बादलीत वाकलेलं मूल डोक्यावर जातं आणि स्वतःहून उठू शकत नाही. आवाजही होत नाही. काही सेंटीमीटर पाणीसुद्धा पुरतं.

पाटीपेन्सिल

बादलीबद्दल धन्यवाद, वरच लिहायला हवं होतं. पाण्याचं काम परातीत किंवा पसरट घमेल्यात, झाल्यावर लगेच ओतून पालथं. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम. आणि गॅस चालू असताना ओट्याशी काहीच नाही, हा नियम माझाही.

पण स्वयंपाक चालू असताना मूल तसंही कुठेतरी असणारच ना? बहुतेक घरांत ते मोबाइलसमोर असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते चार वयाला दिवसाला तासाहून जास्त नको असं आहे. त्यापेक्षा ओट्यापासून लांब, दाराशी परात घेऊन पुसत बसलेलं परवडतं.

तिरकस

दाराशी परात आणि ओट्याशी आई. तिचं लक्ष कुठे? यावर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

सुईदोरा

उत्तर सोपं आहे, लोकांना आवडत नाही इतकंच. पोळ्या बाबाने लाटायच्या, किंवा परातीशी बाबाने बसायचं. कोणतं ते घरात ठरवा.